निंगव्वाची चार सेकंदं

बेळगुंदीच्या डेअरीत सर्व्हर नाही.
भरमाण्णा सेक्रेटरींना हे तीनदा सांगितलं मी.
ते टेबलाखाली वाकून बघतात.
तिथे युपीएस, बाटल्यांचा क्रेट
आणि एक मांजर.
"मग चालतंय कशावर?"
दुसऱ्याच्या मशीनवर, म्हटलं, कामापुरतं.
"आणि भाडं?"
मिलिसेकंदावर.
"असा गडी आमास्नी मिळाला न्हाई कधी," म्हणाले,
आणि चहा सांगितला.

वडगावात, खाली दोन माग खडखडत असताना
लिहिलंय हे. शंभर ओळीही नाहीत.
फॅट घे, लिटर घे,
दराच्या तक्त्यावर बोट ठेव,
रक्कम काढ, मेसेज पाठव
आणि विसरून जा.
त्याला खिसा नाही.
ठेवायचं ते बाहेरच्या वहीत,
आणि त्या वहीचंही एकच पान त्याला उघडतं :
लग्नघरात आचाऱ्याला कोठीची किल्ली देतात,
कपाटाची नाही.

पहिलं गाठोडं चाळीस एमबीचं झालं.
कुठल्या कुठल्या लायब्ऱ्या, कुणी मागितलेल्या?
काढत काढत तीनवर आणलं.
कमांड दिली आणि वीज गेली.
माग थांबले. गल्लीभर अशी शांतता
की हॉटस्पॉटवरून गाठोडं चढताना
ऐकू येईल असं वाटलं.
चढलं.
कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कुणी अडवलं नाही,
कुठून आलास, कुणाचा, भाषा कुठली.

पहाटे पावणेसहाला निंगव्वा पहिली.
रात्रभर हाक नसते,
म्हणून ते झोपलेलं नसतं, ते नसतंच.
तिच्या पावणेदोन लिटरांनी
त्याला जागा शोधून द्यायची, गाठोडं सोडायचं,
तक्ता उलगडायचा.
चार सेकंदं.
तिच्यामागच्या परशरामला, मग गुंडूच्या सुनेला
मापावरून हात काढायच्या आत टिंग.
लॉगमध्ये रोज एकच रेघ लांब, सगळ्यात वरची.

एकदा मुद्दाम गेले त्या वेळेला.
किटली विसळत म्हणाली,
"माझ्याच पाळीला का थबकतंय, ठाऊक हाय मला.
इचार करालंय.
हिला कानडीत सांगू का मराठीत."

मला हसू आलं, मग आलं नाही.
भाषेचा रकाना मीच केलेला. दोन पर्याय, एकच निवडा.
तिच्या नावापुढे तो कोराच होता.
ही पैसे कानडीत मोजते,
म्हशीला मराठीत शिव्या देते,
वाचता दोन्ही येत नाही,
नातू वाचून दाखवतो, त्याच्या शाळेच्या लिपीत.

रात्री बसले.
थबकण्यावर उपाय सोपा :
पाच चाळीसला एक खोटी हाक,
शून्य लिटर, कुणाचंच नाव नाही,
की ते उठून बसतं.
रकान्याला वेळ लागला.
तिसरा पर्याय घातला, दोन्ही.
मेसेज सत्तर अक्षरांचा, त्यात दोन लिप्या मावेनात.
आधी डेअरीचं नाव गेलं,
मग आभार गेले, इकडचे आणि तिकडचे.
उरलं दूध, हालु, आणि मध्ये आकडा,
तो एकदाच लिहून भागलं.
नवी आवृत्ती आधी दहातल्या एकालाच देतात, जपून.
मी सरळ सगळ्यांना दिली.

सकाळी पावणेसहा. माप ओतलं.
टिंग.
निंगव्वानं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आज इचारच केला न्हाई की गं त्यानं."
आवाजात आनंद होता का, सांगता येत नाही.
मेसेज येऊनही ती उभीच,
रिकामी किटली हातात, सवयीनं,
जितका वेळ उभी राहायची तितकाच.
मागून परशराम म्हणाला,
"सरक की, आत्ती."