अवघड जागा

ती म्हण लहानपणी ऐकली तेव्हा हसलो होतो.
आता म्हणीतला सासरा मी,
आणि म्हणीतला जावई
खारेगावात औषधांचं दुकान चालवतो.
डॉक्टर नाही, पण गल्ली त्याला डॉक्टरच म्हणते.

कळवा नाका ते दिघा, शेअर रिक्षा, एकवीस वर्षं.
रस्ता डोळ्यांना पाठ होता.
या होळीपासून
तो मला बसून पाठ झाला:
विटाव्याच्या पुलाखालचा चर,
टाकीपुढचे तीन खड्डे,
दोन लहान, आणि एक असा
की मागची बाई विचारते, काका, ओरडलात का?
गिअर अडकला, म्हणालो.

सकाळचं सांगायचं तर
काच.
दुसरा शब्द मला सापडला नाही.
आधी काच, मग काचेवर मिरची,
मग दुपारी एकपर्यंत
आत कुणीतरी मूठ आवळून बसलेलं.
एकदा पांढऱ्या भांड्यात लाल थेंब दिसला.
पाणी ओतलं, अजून ओतलं,
आणि पुढचे अकरा दिवस
एका मोठ्या आजाराचं नाव
मनातसुद्धा अर्धंच उच्चारलं.

मग जेवण कमी केलं.
खाल्लं नाही तर जावं लागणार नाही,
असा माझा हिशेब.
तो हिशेब आतल्या आत दगड झाला.

बायकोला सांगितलं, कंबर.
तिने रात्रभर कंबर चोळून दिली.
काय बोलणार.

मलम आणायला ऐरोलीला गेलो,
जिथे मला कुणी ओळखत नाही.
मित्राला हवंय, म्हटलं.
काउंटरवरच्या पोरीने खणखणीत विचारलं,
मूळव्याधीचं देऊ की चिरेचं?
आता मला काय माहीत
मित्राला काय झालंय!

दोन्ही घेतली. बिल खिशात राहिलं.
शर्ट लेकीकडे गेला, बटण लावायला.

रविवारी रूपेश आला.
हातात पसरट निळा टब.
त्याने दार लोटून घेतलं
आणि कॅलेंडरकडे बघत म्हणाला,
"लग्नात मी पाटावरून सारखा उठत होतो, आठवतं?
तुम्ही मामांना म्हणालात, पोरगं घाबरलंय.
घाबरलो नव्हतो, पप्पा."

मी पण कॅलेंडरकडेच बघत होतो.
संकष्टी मंगळवारी होती.

मग तो दुकानातल्यासारखा बोलायला लागला:
जाऊन आलात की लगेच कोमट पाण्यात बसा, पंधरा मिनिटं,
झोपताना पुन्हा.
रात्री इसबगोल, दिवसभर पाणी,
भाकरी-भाजी सोडू नका, मिरची सोडा,
कुंथू नका, मोबाईल आत नेऊ नका.
"पण आधी डॉक्टर.
रक्त दिसलं की दुकानदाराचं ऐकायचं नसतं.
माझंसुद्धा."

ठकारबाईंनी तपासलं. मी भिंतीवरची पाल बघत होतो.
एखाद्या स्टॉपचं नाव घ्यावं
इतक्या सहज त्या म्हणाल्या,
गुदद्वाराला चीर आहे, अर्ध्या सेंटिमीटरची.
तुम्ही मनात धरलंय ते नाही.

अर्धा सेंटिमीटर.
एवढ्याशा अंतराचं भाडं
मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं.

सात आठवडे लागले.
मोरीत टब, टबात मी,
पाय बाहेर, बादलीवर टेकलेले,
बायको दाराबाहेरून विचारते, पाणी गार झालं का?
(तिला सांगितलं शेवटी. कंबर चोळल्याचे पैसे मागते.)
आणि पाण्यात ती मूठ
एकेक बोट उघडते.
कधी चारच बोटं. मग थांबते.
टाकीपुढचा खड्डा अजून आहे,
तिथे मी हळू घेतो, मागचे कुरकुरतात.

परवा स्टँडवर
बिदरकडचा नवा पोरगा, सिद्राम,
चौथा दिवस उभ्यानेच चहा पीत होता.
बस की, म्हटलं.
नको काका, कंबर.

मी रिक्षा त्याच्या रिक्षेला खेटून लावली,
इंजिन बंद केलं,
आणि समोरच्या बोर्डाकडे बघत विचारलं,
काच, की मिरची?