पंधरा नंबरचे मणी

डुलुथच्या जुन्या लायब्ररीचं तळघर,
बॉयलरशेजारची खोली,
डिसेंबरचा शेवटचा मंगळवार, आम्ही सहाजण.
बाहेर उणे एकवीस, सरोवरावर वाफ,
आत विल्माने वहीत बारा ओळी आखून ठेवलेल्या.
दर महिन्याला कापडाचा एक तुकडा, मण्यांनी भरलेला.
एवढं ठरायला पाऊण तास लागला.
नमनालाच घडाभर कॉफी.

मग आकार.
विल्मा म्हणाली, पोस्टकार्ड.
गॉर्डी म्हणाला, पोस्टकार्ड म्हणजे मैदान,
महिन्याभरात भरणार कोण?
(तीस वर्षं खनिजाच्या जहाजांवर स्वयंपाक केला त्याने.
बोटं जाडजूड,
आणि टाका असा की उलटी बाजूच वर ठेवावी.)
रोझेला म्हणाली, तळहाताएवढा.
सगळ्यांना पटलं.
मग आयलीने विचारलं, कुणाच्या?

बॉयलर तेवढा खाकरला.
मग एकेकाने कागदावर हात ठेवला
आणि शेजारच्याने भोवती पेन्सिल फिरवली.
साठी उलटल्यावरही गुदगुल्या होतात.
गॉर्डीचा हात पानात मावेना.
माझी करंगळी आईसारखी बाहेर वळलेली,
इतकी वर्षं वापरली,
पाहिली ती कागदावर.

नियम फार नाहीत.
जानेवारीतच सुरू करायला हवं असं नाही,
पण त्याआधी सुईला हात लावायचा नाही.
उसवलेलंही मोजायचं.
मागच्या वर्षीची भिजत घोंगडी इथे आणायची नाहीत
(हे माझ्याकडे बघून).
चूक राहिली तर राहू द्यायची.
रोझेलाची आजी एक मणी मुद्दाम चुकवायची,
का म्हणून विचारलं
तर म्हणायची, आधी शोध तर.

विल्माचे बारा पक्षी.
गॉर्डीची बारा सुपं : वाटाण्याचं, बिटाचं, माशाचं,
एक जळलेलं.
ब्रिजिडचं अजून ठरत नव्हतं, माझंही.
आयलीच्या कागदावर नुसते आकडे.
जानेवारी, फेब्रुवारी : पंधरा.
मार्च ते जून अकरा.
पुढे सप्टेंबरपर्यंत आठ.
मग सहा.
डिसेंबरसमोर लिहिलं होतं, बटणं.

मण्यांचा हिशेब उलटा असतो,
नंबर जितका मोठा तितका मणी बारीक.
पंधरा म्हणजे खसखस,
अकरा मोहरी,
सहा मिरीदाणा.
नवख्याला हे सांगावं लागतं,
आम्हाला सांगावं लागलं नाही.
गेल्या महिन्यात डोळ्यांच्या दवाखान्यात
तिला ब्रिजिडने गाडीतून नेलं होतं.
ब्रिजिड आता खिडकीबाहेर बघत होती,
आणि तळघराला खिडकी नाही.

"बारीक काम आधी उरकते," आयली म्हणाली,
जसं कुणी म्हणावं,
उजेड आहे तोवर वाळत घातलेलं आत घेते.
"आणि रंग?" गॉर्डीने विचारलं.
विचारायला नको होतं,
पण असलं काही तोच विचारू शकतो.
"रंग तुम्ही डब्यांच्या झाकणांवर लिहा.
टोचून. बोटाला कळेल असं."

तेवढ्यात कुणाचं तरी कोपर लागलं
(माझंच)
आणि पंधरा नंबरची अख्खी नळी फरशीवर.
पाचजण गुडघ्यांवर, मोबाइलचे दिवे लावून,
चष्मे कपाळावर, चष्मे नाकावर,
एक मणी, दोन मणी, तो धुळीचा कण.
आयली शेवटी उतरली, खुर्चीला धरून.
तिने दिवा नको म्हटलं.
बोट जिभेला लावलं, फरशीवर टेकवलं,
उचललं, डबीच्या काठाला पुसलं,
पुन्हा टेकवलं.
आमच्या सगळ्यांच्या मिळून जेवढे झाले
त्याच्या दुप्पट तिच्या डबीत.
कुणी काही बोललं नाही.
ती म्हणाली, विटेला फार धूळ लागते इथली,
झाडत नाहीत वाटतं.

कॉफी पुढच्या वेळी कुणी आणायची
ते राहूनच गेलं.

रात्री उशिरा उचलपुलाचा भोंगा वाजला,
हंगामातलं एखादं शेवटचं जहाज.
मी मोजा काढला,
तर टाचेला चिकटलेला एक मणी, निळा,
किंवा हिरवा, त्या दिव्यात कळेना.
जपून ठेवावा असं वाटलं.
मग वाटलं, टाचेचा मणी कुठे जपतात,
म्हणून जानेवारीच्या तुकड्यावर लावूनच टाकला,
चार दिवस आधी.
विल्माला सांगायचं नाही.