एकास दहा

हडर्सफील्ड, नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच
उजेड बंद गिरणीच्या धुराड्यामागे जाऊन बसलाय.
प्रयोगशाळा चार. अकरा मुलं, सहा यंत्रं,
त्यातलं एक सकाळपासून रुसलेलं.

आधी नुसतं पाणी ठेवा, मी सांगते.
यंत्राला आधी शिकवावं लागतं
काही नसणं म्हणजे किती.
बटण दाबा. शून्य.
आता ठेवा निळा.

सहाशे चौसष्टच्या आसपास तो सगळ्यात हावरट.
तांबडं गिळतो,
आणि पानात टाकलेलं तेवढं आपल्याला दिसतं.
कॅलम विचारतो, म्हणजे निळ्यात निळा नसतोच?
मी म्हणते, तू आधी आकडा लिही.

त्याचा आकडा भलताच वर. पॉइंट सात एक.
कुपी दिव्यासमोर धरते:
काचेवर त्याच्याच अंगठ्याचा ठसा.
यंत्राने तोही इमानाने मोजलाय.
पुसली. पॉइंट पाच तीन.

आर्मिटेज केर काढायला येतात.
तीस वर्षं कोल्नकाठच्या रंगखान्यात काढलेला माणूस.
तेव्हा म्हणे नदीकडे बघून कळायचं
आज कुठला लॉट चाललाय.
आमच्या इचलकरंजीतही ओढा असाच चहाडखोर होता,
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.
ते एक कुपी खिडकीकडे धरतात, एक डोळा मिटतात.
अर्ध्याला जरा कमी.
यंत्र म्हणतं, पॉइंट चार आठ.
मुलं बाक बडवतात.
ते झाडूकडे वळतात, जणू कुणी वेळ विचारली होती.

झैनब सगळ्यात दाट कुपी घेऊन येते.
इथे यंत्र अडखळतं.
ह्याच्या पुढे सगळं सारखंच काळं,
दुप्पट काय आणि दसपट काय.
इतका वेळ सरळ चाललेली रेघ
मान टाकते.
पातळ कर, मी म्हणते. एक भाग रंग, नऊ भाग पाणी.
येईल त्या आकड्याला दहाने गुण.
ती म्हणते, मग आधीचा खोटा होता?
खोटा नाही गं. वाचता येत नव्हता.

आणि बोलता बोलता माझीच जीभ अडते.
दर रविवारी मंदाताईचा फोन.
बरं आहे. थंडी पडलीय. गुडघा थोडा.
एक भाग मी,
नऊ भाग हवापाणी.
पलीकडे ती क्षणभर गप्प होते.
गुणत असणार.
पाढे तिनेच तर पाठ करून घेतले होते माझ्याकडून,
चुकले की कान धरून.

पाच वाजता कुप्या धुते.
तीनदा नळाखाली, एकदा शुद्ध पाण्यात.
कुप्या स्वच्छ होतात.
माझ्या डाव्या तर्जनीवर मात्र निळा बसलाय,
नखाच्या कडेला, पक्का.
बसमध्ये पास दाखवताना ड्रायव्हर बोटाकडे बघतो.
तिकडे असते तर कुणीतरी विचारलं असतं,
काय बाई, मत देऊन आलात?