दीड मूठ, वर करंगळी

बर्फाच्या कारखान्याचं बिल मागून कोरं असतं.
त्यावर मी तीन रेघा मारल्या, तीन वर्षांच्या.
पहिलीत भौतिक आणि गणित.
दुसरीत पुन्हा भौतिक, पुन्हा गणित.
तिसरीत, मिळालाच कुठे तर, एक पेपर ताऱ्यांचा.
बाबा जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले,
"आणि मगे?"

मगे दोन वर्षं एम.एस्सी.
मगे पाच, नाहीतर सहा,
मगे कागद संपला.

आई सुकट निवडत होती.
"थंय ताजे मासे खंय गावतले?"
तिने पहिल्या वर्षाच्या रेघेखाली माझ्याकडून लिहून घेतलं:
सोडे, एक किलो.

सुयश कोयंडे वीस रुपयांत फॉर्म भरून देतो.
यादी उघडली. वनस्पती, प्राणी, रसायन, मत्स्य.
त्याने माऊस तळापर्यंत नेला, पुन्हा वर आणला,
खिशातली चावी चाचपावी तसा.
खगोल नव्हतं.
"मत्स्य टाक गो, सीट पक्की."
मी भौतिक टाकलं.
खाली एक रकाना होता, इतर आवड,
दोन-तीन शब्दांपुरता.
'रात्री वर बघणे'
एवढं त्यात बसलं.

जुवाटकर मॅडम म्हणाल्या होत्या,
त्या घरावर पाटी नसते, भौतिकाच्या दाराने आत जायचं.
आणि आत गेल्यावर आकाश दिसेलच असं नाही,
आकडे दिसतील.
त्या रात्री मी इंटिग्रेशनची बावीस गणितं सोडवली.
नऊ चुकली.
नववी चूक सापडेपर्यंत मृग खाली उतरला होता.

पूर्वी तो सरळ पाण्यात बुडायचा,
तिकांडं एकेक करून.
आता तिथे एलईडीच्या बोटी उभ्या असतात,
समुद्रात दुपार सोडून.
मासळी त्या उजेडाकडे जाते,
बाबांचं जाळं हलकं येतं.
आणि खालचे तारे, ते तर कुठे जातही नाहीत,
नुसते दिसेनासे होतात.
आम्ही दोघं एकाच उजेडाने लुटलेले,
पण याबद्दल आम्ही बोललो नाही कधी.

बाबांना फार तारे येत नाहीत.
नावं विचारली तर म्हणतात, जीपीएसला विचार.
फक्त एकदा तो डबा बंद पडला होता,
किनाऱ्यावरचा एकही दिवा दिसत नव्हता,
तेव्हा त्यांनी हात लांब केला, आजोबा करत तसा,
आणि पाण्याच्या रेघेवर मूठ ठेवली.
एक मूठ, अर्धी मूठ, वर करंगळी.
तिथे ध्रुव असला की देवगड नेमकं उगवतीला.
मग नाक फिरवायचं आणि घरी यायचं.

हे मला माहीत नव्हतं.
मी पुस्तकात वाचलं होतं,
ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश,
आणि खाली रेघ मारली होती, परीक्षेला येतं म्हणून.

परवा वीज गेली. आनंदवाडीच्या धक्क्यावर
आम्ही दोघं उत्तरेकडे तोंड करून उभे.
त्यांची मूठ माझ्या मुठीहून रुंद,
पण त्यांचा हातही लांब,
हिशेब सारखाच येतो.
सोळा अंश. मी म्हटलं.
दीड मूठ, वर करंगळी. ते म्हणाले.

"आणि पुण्याक?"

तिथे थोडा वर दिसेल बाबा.
दोन अंश. म्हणजे एक अंगठा.

त्यांनी मुठीवर, करंगळीवर,
दुसऱ्या हाताचा अंगठा आडवा धरला.
त्याच्याआड ध्रुव झाकला गेला.
"इतकोच?" म्हणाले.
हात मात्र बराच वेळ खाली घेतला नाही.

मग वीज आली, बर्फाचा कारखाना धडधडला,
आणि मला आठवलं,
होस्टेलच्या अर्जावर पालकांची सही राहिलीय.