येतो

सेगेड. रात्रपाळी. बोरोका पंपाचा आवाज ऐकत बसते,
दुधाकडे न बघता
उतू जायची वेळ ओळखावी तशी.

हा प्रकाश हवेतच मरतो,
म्हणून पोलादी पेटीत आधी पोकळी भरायची,
मग आर्गॉनची एक फुंकर,
तिच्यावर लेसर.

इलेक्ट्रॉन उपटला जातो, दूर भिरकावतो,
लाट उलटली की माघारी.
घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये,
‘येतो’ म्हणावं, तसा.
परतल्यावर जो उजेड पाडतो
तो डोळ्यांना दिसत नाही,
आणि इतका छोटा
की झोम्बोर शून्यं मोजताना दोनदा चुकला.

त्याच उजेडात आज निऑन:
आतला इलेक्ट्रॉन आधी निघाला,
दाराशी बसलेला मात्र
वीस अ‍ॅटोसेकंद रेंगाळला,
चप्पल सापडत नसल्यासारखा.

“का?” झोम्बोर विचारतो.
बोरोका खांदे उडवते.
अ‍ॅल्युमिनियमच्या पापुद्र्याला सुईएवढं भोक पडलंय,
ते आधी.
चिमटा. श्वास रोखून.

पहिली ट्राम सात मिनिटं उशिरा.
थांब्यावर ती डब्यातला उरलेला पाव खाते,
मांडीवर पाप्रिकाचे लाल ठिपके.