उन्हात नेऊन बघ

जांभळी नाक्यावर आई
काउंटरवर साडी कधी पसंत करायची नाही.
पदर धरून पायरीपर्यंत यायची,
दुसरं टोक धरून दुकानातला पोरगा,
मधे पाच वार ताणलेले
आणि खालून वाकून जाणारी मी.
ट्यूबलाइट खोटं बोलते, म्हणायची.

वागळे इस्टेटच्या गाळ्यात
वीस वर्षं मी कंडेन्सर फुंकले,
प्रयोगशाळांसाठी, बिनरंगी.
एक बुडबुडा राहिला तरी माल परत.

मग कुणीतरी नमुना म्हणून दिल्या
निओडिमियमच्या काचेच्या चार कांड्या.
ज्योतीत मऊ झाल्या,
गालात धरलेला श्वास
हळूच सोडला,
आणि निवल्यावर, पत्र्यातल्या फटीखाली,
कोकमाच्या सरबतात दूध सांडावं तसा
एक फिकट जांभळा.

पुढं बासष्ट केल्या.
खाडीतल्या पाणकणसांसारख्या उंच,
एकीला एक न टेकणाऱ्या.
घोडबंदरच्या टॉवरसाठी
छेडाशेठनी भर दुपारी पसंत केल्या.

आठवड्यानं फोन:
“मॅडम, मी जांभळा घेतलाय. हा तर निळा निघाला.”

लॉबीला खिडकी नव्हती.
छताआड नळ्या, चोवीस तास.
आणि खाली माझी पाणकणसं,
निळीशार, परक्या घरी पाठवल्यासारखी.

एक उपसून
वॉचमन दुसान्यांच्या हातात दिली.
म्हटलं, बाहेर न्या.
ते दारात पोचले तेव्हा
शेंडा जांभळा,
देठ अजून निळा.
दुसाने थांबले.
एक पाऊल मागं. एक पुढं.
पुन्हा मागं.
शेठ घड्याळ बघत होते.
“बरोबर आहे,” म्हणाले, “पण लॉबी आतच आहे ना.”

यावर काय बोलणार.

परतीच्या टेम्पोत
आईची ती एकच फसलेली साडी आठवली,
रात्रीच्या प्रदर्शनात घेतलेली मोरपंखी.
सकाळी अंगणात ती शेवाळी निघाली.
आई दिवसभर बोलली नाही.
पण पुढं कुणाचं रिसेप्शन असलं,
हॉलमधलं, दिव्यांतलं,
की कपाटातून तीच काढायची.
तेव्हा ती खोटी होती
असं मला म्हणवत नाही.

गाळ्यात मोजल्या तर एकसष्ट.

बासष्टावी गेटवरच्या केबिनमध्ये आहे,
पाण्याच्या बाटलीत उभी,
रजिस्टर आणि छत्रीच्या मधे.
साडेसहाला दिवा लावण्याआधी
दुसाने म्हणे एकदा तिच्याकडं बघतात.
बटण दाबतात
आणि म्हणतात,
चला, हिची बदली आली.