नावात साम्य

सोमवारी पावणेअकराला
जुलेखा बुरोंडकर काउंटरशी येते,
बागमांडल्याहून, पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीने.
"पैशे आले काय, साहेब?"

आलेत. स्क्रीनवर दिसतात मला.
अडतीस हजार चारशे, मस्कतहून,
पाठवणार लेक, युनूस.
वर लाल पट्टी, आडवी,
नाक्यावरच्या बांबूसारखी.
नावात साम्य. ब्याऐंशी टक्के.

खिडक्या न उघडणाऱ्या कुठल्याशा इमारतीत
कुणीतरी यादी राखतं
बाँबला पैसा पुरवणाऱ्यांची.
तिच्यात एक युनूस आहे.
जन्मसाल अंदाजे. जन्मगाव अज्ञात. उंची मध्यम.

आमचा युनूस जन्मला धक्क्यामागच्या झापात.
भरतीनं सुईण अलीकडेच अडकली,
नाळ शेजारच्या कोळणीनं कापली.
फॉर्मात याला रकाना नाही.

रेशनकार्ड जोडलं, शाळेचा दाखला जोडला,
पासपोर्टची झेरॉक्स दोनदा.
वरून विचारणा आली:
हा तो नव्हे, यास पुरावा काय?

होडी वाळूवर पालथी.
तळाला फायबर मारायचं, त्याचेच हे पैसे.
बंदी एकतीस जुलैला उठते.
गलबतं, ट्रॉलर, सगळ्यांचे रंग वाळले.
तिच्या होडीखाली कुत्री व्याली.

यादीला हसावं म्हणतो
तर हसू येत नाही.
माझे वडील कस्टममध्ये हवालदार होते, याच खाडीवर.
एका थंडीत, एका रात्री
त्यांना दुसऱ्या बाजूला गस्तीला जायला सांगितलं
आणि ते गेले.
पेट्यांत काय होतं ते महिन्यांनी पेपरात वाचलं,
मोठ्यांदा नाही.
त्याच महिन्यात आमच्याकडे पंखा आला होता,
क्रॉम्प्टनचा, तपकिरी.
आई म्हणायची, बोनस.
एक तारखेला त्यांचं पेन्शन पडतं.
पट्टी येत नाही. मीच पास करतो.

सव्विसाव्या दिवशी मेल आला,
दोन शब्दांचा: साम्य चुकीचं.
माफी वगैरे नव्हती, तशी पद्धत नाही.
ऑगस्टची बारा तारीख होती.

जुलेखानं अंगठा थुंकीनं ओला करून
नोटा मोजल्या, परत मोजल्या,
पदराच्या गाठीत घातल्या.
माझ्यासाठी आणलेली सोड्यांची पुडी
काचेखालून सरकवली.
मग तिथंच उभी राहिली.
मागे रांग.

"आनि तो दुसरा? गावला काय तो?"
मी म्हटलं, माहीत नाही.
"त्याची आय आसंल ना कुठंतरी.
तीपन आशीच बँकेत येत आसंल."

पंखा फिरत होता, बँकेचा.
पुडीचा वास कागदांना लागत होता.
मी म्हटलं, चाची, फेरी सुटेल.